बॅकअप कॅमेरा बॉडी कशी निवडावी? लग्नाच्या फोटोग्राफरसाठी संपूर्ण माहिती

मे महिना आहे. वाशिम जिल्ह्यातल्या शिरपूर जैनमध्ये दुपारचा मुहूर्त आहे. मांडवात पाय ठेवायला जागा नाही, भटजींनी मंगलाष्टक सुरू केलंय, सगळ्यांच्या मुठीत अक्षता आहेत. आणि नेमक्या त्याच वेळी फोटोग्राफरच्या कॅमेऱ्याचा शटर अडकतो. बंद करून चालू केला, बॅटरी काढून घातली, तरी स्क्रीनवर एररच. आता काय?

मुहूर्त थांबत नाही. अंतरपाट एकदाच सरकतो. बाकी धंद्यात मशीन बिघडलं तर काम उद्यावर ढकलता येतं, इथे उद्या नसतोच. म्हणूनच लग्नाची ऑर्डर घेणाऱ्या माणसाच्या बॅगेत दुसरी कॅमेरा बॉडी असावी असं म्हणतात. पण ती कोणती घ्यायची, नवी की जुनी, आणि मोबाईलवर भागत नाही का? आजच्या लेखात आपण हेच सगळं सोप्या भाषेत समजून घेणार आहोत.

बॅकअप बॉडी म्हणजे काय?

मोबाईलमध्ये लेन्स, सेन्सर, बॅटरी सगळं एकाच डबीत असतं. डीएसएलआर आणि मिररलेस कॅमेऱ्यात तसं नाही. लेन्स वेगळी निघते, आणि मागे उरतो त्या भागाला बॉडी म्हणतात. सेन्सर, शटर, प्रोसेसर, कार्डाचा स्लॉट, बॅटरीची जागा, वर फ्लॅश लावायचा हॉट शू हे सगळं बॉडीतच असतं.

इथे दोन शब्दांचा गोंधळ होतो, तो आधी दूर करू.

* सेकंड बॉडी: दोन्ही कॅमेरे एकाच वेळी वापरायचे. एकावर वाइड लेन्स, दुसऱ्यावर झूम. लेन्स बदलण्यात वेळ जात नाही.
* बॅकअप बॉडी: ही बॅगेत असते. मुख्य कॅमेरा बंद पडला तरच बाहेर निघते.

सुरुवात करणाऱ्याला बहुधा दुसऱ्या प्रकाराचीच गरज असते. आणि बॅकअप बॉडीकडून आपली अपेक्षा एकच असते, हातात घेतल्यावर एका मिनिटात काम पुढे चालू व्हावं. ती मुख्य कॅमेऱ्याइतकी भारी नसली तरी चालतं. हा एक मिनिटाचा नियम लक्षात ठेवा, कारण खालचं प्रत्येक उत्तर त्यातूनच निघतं.

कॅमेऱ्यात नेमकं काय बिघडतं?

१. शटर. मेकॅनिकल शटर हा हलणारा भाग आहे, त्यामुळे तो झिजतो. कंपन्या काही बॉडींसाठी शटरची चाचणी किती क्लिकपर्यंत केली ते सांगतात. कॅनन ६डी साठी १ लाख, कॅनन ५डी मार्क ४ आणि निकॉन डी७५० साठी दीड लाख, सोनी ए७ मार्क ३ साठी २ लाख. ही गॅरंटी नव्हे. काही शटर त्याआधीच जातात, काही दुप्पट चालतात.

२. संपर्काच्या पिना. लेन्स आणि बॉडी सोनेरी पिनांमधून एकमेकींशी बोलतात. तिथे धूळ किंवा घाम बसला की कॅनन कॅमेऱ्यावर एरर ०१ दिसू शकतो. अनेकदा स्वच्छ, कोरड्या, मऊ कापडाने पिना पुसल्या की कॅमेरा पुन्हा चालतो. दुरुस्तीला धावण्याआधी हे करून बघा.

३. कार्डाचा स्लॉट आणि हॉट शू. सीएफ कार्ड तिरकं घातलं की आतली पिन वाकते. जड फ्लॅशला धक्का लागला की हॉट शू सैल होतो.

४. पडणे. वरातीच्या गर्दीत एक धक्का पुरतो.

५. उष्णता. कॅनन, निकॉन, सोनी यांच्या बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत काम करण्याचं तापमान ० ते ४० अंश सेल्सिअस लिहिलेलं असतं. आपल्या विदर्भात मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो, आणि ते सावलीतलं तापमान असतं. उन्हात ठेवलेला काळा कॅमेरा त्याहून जास्त तापतो. मिररलेसवर लांब व्हिडिओ काढताना तो गरम होऊन बंद पडण्याची शक्यता इथे जास्त.

आता अंतराचा विचार करा. शिरपूर जैन हे मालेगाव तालुक्यातलं गाव. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळे देशभरातून भाविक येतात, म्हणजे धार्मिक कार्यक्रमांचंही काम असतं. पण शटर बदलायचा तर गावात होत नाही. कॅमेरा अकोला, नागपूर किंवा त्याहून लांब पाठवावा लागतो. पार्ट मागवणं, दुरुस्ती आणि परत येणं यात आठवडे जाऊ शकतात. पुण्या-मुंबईचा फोटोग्राफर तासाभरात मित्राचा किंवा भाड्याचा कॅमेरा आणू शकतो. गावातल्या माणसाला ती सोय नाही. म्हणून बॅकअपची गरज शहरापेक्षा गावात जास्त आहे, हे उलटं वाटलं तरी खरं आहे.

मोबाईल बॅकअप होऊ शकतो का?

हा प्रश्न येणारच, कारण आपल्या सगळ्यांच्या खिशात चांगला कॅमेरा आहे. आधी सेन्सरचा हिशोब बघू.

* फुल फ्रेम: ३६ × २४ मिमी, म्हणजे ८६४ चौरस मिमी
* एपीएस-सी, म्हणजे क्रॉप सेन्सर: साधारण २३.५ × १५.६ मिमी, म्हणजे सुमारे ३६७ चौरस मिमी
* एक इंची प्रकारचा सेन्सर, जो मोजक्याच महागड्या फोनमध्ये असतो: १३.२ × ८.८ मिमी, म्हणजे सुमारे ११६ चौरस मिमी

म्हणजे चांगल्यातल्या चांगल्या फोनपेक्षाही क्रॉप सेन्सर तिप्पट मोठा आणि फुल फ्रेम सातपटीहून मोठा. दिवसाउजेडी फोनचं सॉफ्टवेअर ही कमतरता बरीच भरून काढतं. रात्रीच्या मांडवात, हलणाऱ्या माणसांवर, ती उघडी पडते.

पण खरी अडचण फ्लॅशची आहे. फोनला हॉट शू नसतो, त्यामुळे तुमचे स्टँडवर लावलेले फ्लॅश त्याच्या इशाऱ्यावर पेटत नाहीत. रात्रीच्या लग्नात अर्धं काम फ्लॅशवरच असतं.

मग फोन निरुपयोगी का? अजिबात नाही. बॅगेतून दुसरी बॉडी काढेपर्यंतचा एक मिनिट फोनने सांभाळा. एकही फोटो नसण्यापेक्षा फोनचा फोटो हजारपट बरा. मात्र पैसे घेऊन काम करत असाल तर बॅकअप म्हणून फक्त फोनवर विसंबू नका.

बॅकअप बॉडी निवडताना ६ गोष्टी तपासा

१. माउंट

सगळ्यात आधी हेच. तुमच्या लेन्स नव्या बॉडीवर बसल्या पाहिजेत. कॅननचा ईएफ माउंट १९८७ पासून, तर मिररलेससाठीचा आरएफ २०१८ पासून आहे. निकॉनचा एफ माउंट १९५९ पासून आणि झेड २०१८ पासून. सोनीचा ई माउंट २०१० पासून.

जुनी डीएसएलआर लेन्स ॲडॉप्टर लावून त्याच कंपनीच्या मिररलेसवर बसते. उलटं होत नाही. आरएफ किंवा झेड लेन्स डीएसएलआरवर बसतच नाही. म्हणजे मुख्य कॅमेरा डीएसएलआर असेल तर बॅकअप मिररलेस चालेल, पण ॲडॉप्टर कायम बॅगेत हवा. मुख्य कॅमेरा मिररलेस आणि सगळ्या लेन्स आरएफ असतील तर बॅकअपला डीएसएलआर घेऊन उपयोग नाही.

निकॉनवाल्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. एएफ-डी प्रकारच्या जुन्या लेन्समध्ये मोटर नसते. डी३५००, डी५६०० अशा बॉडीतही ती नाही, आणि निकॉनच्या एफटीझेड ॲडॉप्टरमध्येही नाही. अशा ठिकाणी या लेन्सवर ऑटोफोकस मिळणार नाही, फोकस हाताने करावा लागेल. डी७००० मालिकेत आणि डी७५० मध्ये मोटर आहे.

२. बॅटरी

दोन्ही बॉडींची बॅटरी एकच असेल तर चार्जर एक आणि जास्तीच्या बॅटऱ्या दोन्हीकडे चालतात. लोडशेडिंगच्या दिवसात याची किंमत कळते.

* कॅनन एलपी-ई६ कुटुंब: ५डी मार्क ३, ५डी मार्क ४, ६डी, ७०डी, ८०डी, ९०डी, आर, आर६, आर७
* कॅनन एलपी-ई१७: २००डी मार्क २, ७७डी, आरपी, आर८, आर१०, आर५०
* निकॉन ईएन-ईएल१५ कुटुंब: डी७२००, डी७५००, डी७५०, डी८५०, झेड५, झेड६
* निकॉन ईएन-ईएल१४ कुटुंब: डी३५००, डी५३००, डी५६००
* सोनी एनपी-एफडब्ल्यू५०: ए६०००, ए६४००, ए७ मार्क २, झेडव्ही-ई१०
* सोनी एनपी-एफझेड१००: ए७ मार्क ३, ए७ मार्क ४, ए६६००, ए६७००

एकाच कुटुंबात नव्या-जुन्या आवृत्त्या असतात. जुनी बॅटरी नव्या कॅमेऱ्यात बसली तरी कमी वेळ टिकू शकते.

३. कार्ड

एक बॉडी सीएफ कार्डावर आणि दुसरी एसडीवर, असं झालं तर कार्डं आणि रीडर दोन-दोन सांभाळावे लागतात. शक्यतो दोन्हीकडे एसडी ठेवा. डी७५०, डी७२००, झेड५, आर६, आर७, ए७ मार्क ३ यांना दोन स्लॉट आहेत. ६डी, ९०डी, डी७५००, आरपी, आर८, ए६४०० यांना एकच.

४. फ्लॅश

इथे बरेच जण फसतात. फ्लॅशचा ट्रिगर कंपनीप्रमाणे वेगळा असतो. कॅननचा ट्रिगर निकॉनवर नीट चालत नाही. म्हणून बॅकअप दुसऱ्या कंपनीचा घेतला तर लेन्सही नवी, ट्रिगरही नवा.

एकाच कंपनीतही खाचखळगे आहेत. कॅनन १५००डी आणि २००डी मार्क २ यांच्या हॉट शूमध्ये मधली पिनच नाही. फक्त मधल्या पिनवर चालणारे साधे, स्वस्त फ्लॅश आणि ट्रिगर यावर पेटत नाहीत. आर५० ला नव्या प्रकारचा शू आहे, जुन्या फ्लॅशसाठी वेगळा ॲडॉप्टर लागतो. त्यामुळे दुकानात जाताना स्वतःचा फ्लॅश आणि ट्रिगर सोबत न्या, लावून फोटो काढा, मगच पैसे द्या.

५. सेन्सरचा आकार

मुख्य कॅमेरा फुल फ्रेम आणि बॅकअप क्रॉप, ही जोडी स्वस्त पडते आणि चालतेही. फक्त लेन्सचा कोन बदलतो. कॅननच्या क्रॉपवर १.६ ने आणि निकॉन-सोनीवर १.५ ने गुणायचं. २४-७० ची लेन्स कॅनन क्रॉपवर साधारण ३८-११२ सारखी दिसते. घरातल्या छोट्या खोलीत हळदीचा ग्रुप फोटो घ्यायचाय आणि मागे भिंत आहे, तर ३८ मध्ये सगळे मावणार नाहीत.

उपाय सोपा आहे. क्रॉप बॉडीसोबत आलेली १८-५५ ची किट लेन्स विकू नका. १८ ला १.६ ने गुणलं की सुमारे २९ होतात, ग्रुप फोटोचं काम भागतं. पण कॅननची ईएफ-एस लेन्स फुल फ्रेम डीएसएलआरवर बसत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

६. व्ह्यूफाइंडर आणि बटणं

सोनी झेडव्ही-ई१० आणि निकॉन झेड३० हे व्लॉगिंगचे कॅमेरे स्वस्त वाटतात, पण त्यांना व्ह्यूफाइंडर नाही. दुपारच्या उन्हात मागच्या स्क्रीनवर काही दिसत नाही. बटणांच्या जागाही पाहा. आयएसओ आणि फोकसचं बटण शोधण्यात वेळ गेला तर एक मिनिटाचा नियम मोडलाच.

नवी घ्यावी की सेकंडहँड?

बॅकअप बॉडी वर्षातून मोजक्या वेळा वापरली जाते, त्यामुळे सेकंडहँड घेणं शहाणपणाचं ठरू शकतं. फक्त तपासून घ्या.

* मूळ बिल मागा. बिलावरचा सीरियल नंबर बॉडीवरच्या नंबराशी जुळवा. जुळत नसेल तर सौदा सोडा, चोरीचा माल असू शकतो.
* शटर काउंट पाहा. निकॉनमध्ये तो फोटोच्या एक्झिफ माहितीतच नोंदलेला असतो. कॅननच्या बहुतेक बॉडी फोटोत तो लिहीत नाहीत, वेगळं सॉफ्टवेअर लागतं. नुसत्या तोंडी आकड्यावर विश्वास नको.
* एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचा किंवा आकाशाचा फोटो काढा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. ठिपके साफ होतात, ओरखडे होत नाहीत.
* लेन्सला झाकण लावून काळा फोटो काढा. रंगीत बिंदू खूप असतील तर विचार करा.
* प्रत्येक बटण, दोन्ही कार्ड स्लॉट, फ्लॅश, ऑटोफोकस तपासा. १५ मिनिटं व्हिडिओ चालू ठेवा.
* स्क्रूची डोकी झिजलेली असतील तर बॉडी आधी उघडली गेली आहे, कारण विचारा.

ऑनलाइन फारच स्वस्त मिळणारी नवी बॉडी बाहेरून आणलेली असू शकते. तिला भारतातली कंपनीची वॉरंटी बहुधा लागू होत नाही.

भाड्याने घेतली तर?

हिशोब करून पाहा. समजा, भाडं रोजचं १,००० रुपये आणि सीझनमध्ये तुमची २० दिवस कामं, तर एका सीझनचे २०,००० रुपये झाले. दोन सीझनच्या भाड्यात चांगली जुनी बॉडी येत असेल तर विकतच घ्या. वर्षातून दोन-तीनच लग्नं असतील तर भाडं परवडतं. पण दाट लग्नतिथीला सगळ्यांनाच कॅमेरा हवा असतो. तारीख ठरली की लगेच बुकिंग करा.

कोणी काय करावं?

नुकतीच सुरुवात केलेल्यांनी: त्याच कंपनीची, त्याच माउंटची एक जुनी क्रॉप बॉडी किट लेन्ससह घ्यावी.

डीएसएलआरवरून मिररलेसवर जाणाऱ्यांनी: जुना कॅमेरा विकायची घाई करू नये. तोच तुमचा बॅकअप. त्याचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, आणि बऱ्याचदा बॅटरीही तीच असते, जसं ५डी मार्क ३ ची आर६ मध्ये चालते. निदान एक-दोन ईएफ लेन्स जवळ ठेवा, म्हणजे त्या ॲडॉप्टरने नव्या कॅमेऱ्यावर आणि तशाच जुन्यावर चालतील.

नियमित मोठी कामं घेणाऱ्यांनी: शक्य असेल तर तीच बॉडी दुसरी घ्यावी. मेन्यू, बॅटरी, रंग सगळं सारखं.

बॉडी घेतल्यावर ही कामं नक्की करा

१. घड्याळ जुळवा. दोन्ही कॅमेऱ्यांत तारीख आणि वेळ सारखी ठेवा. नाहीतर अल्बम लावताना सप्तपदी आधी आणि वरात नंतर येते.

२. फाइलचं नाव बदला. दोन्हीकडून एकाच नंबरची फाइल आली तर कॉपी करताना एक दुसरीवर चढू शकते. कॅमेऱ्यात नाव बदलायची सोय असेल तर वापरा, नसेल तर लॅपटॉपवर वेगवेगळे फोल्डर करा.

३. रंग जुळवा. दोन्ही कॅमेऱ्यांनी एकाच उजेडात एकाच माणसाचा फोटो काढून पाहा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर न ठेवता केल्विनमध्ये ठेवला आणि रॉ फाइल काढली तर फरक नंतर सहज मिटतो.

४. महिन्यातून एकदा चालवा. पन्नासेक फोटो काढा, बॅटरी चार्ज करा. पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, लेन्सला बुरशी लागत नाही.

५. तयार स्थितीत न्या. बॅटरी भरलेली, रिकामं कार्ड आत, सेटिंग लावलेली. आणि दोन्ही कॅमेरे एकाच बॅगेत नकोत. एक बॅग चोरीला गेली तर दोन्ही जातील.

६. उन्हापासून जपा. गाडीच्या डिक्कीत किंवा बंद कारमध्ये ठेवू नका. पांढरा सुती पंचा झाकला तरी फरक पडतो.

एक गैरसमज: बॅकअप बॉडी म्हणजे फोटोंचा बॅकअप नव्हे

बॉडी बंद पडली तर काढलेले फोटो कार्डावर सुरक्षित असतात, पुढचे फोटो दुसऱ्या बॉडीने निघतात. पण कार्डच करप्ट झालं तर दुसरी बॉडी काही करू शकत नाही. त्यासाठी दोन स्लॉटचा कॅमेरा लागतो, ज्यात प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर एकदमच लिहिला जातो. एकच स्लॉट असेल तर एका मोठ्या कार्डाऐवजी चार छोटी वापरा. हळद एकावर, लग्न दुसऱ्यावर. घरी पोहोचताच दोन ठिकाणी कॉपी करा, आणि तोवर कार्ड फॉरमॅट करू नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बॅकअप दुसऱ्या कंपनीचा चालेल का?
चालेल, पण लेन्स, फ्लॅश ट्रिगर, बॅटरी सगळं वेगळं लागेल. शेवटी तो महाग पडतो.

जुन्या डीएसएलआरने व्हिडिओ निघेल का?
निघेल. मात्र अनेक डीएसएलआर २९ मिनिटं ५९ सेकंदांनी रेकॉर्डिंग आपोआप थांबवतात. लांब विधीत लक्ष ठेवा.

आधी भारी लेन्स घ्यावी की बॅकअप बॉडी?
पैसे घेऊन लग्नाची कामं करत असाल तर आधी बॅकअप बॉडी. साध्या लेन्सने फोटो साधा येतो, बंद कॅमेऱ्याने येतच नाही.

ग्राहक तक्रार करू शकतो का?
हो. पैसे घेऊन दिलेली फोटोग्राफी ही सेवा आहे. सेवेत कसूर झाली तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. म्हणून ऑर्डर घेतानाच काय देणार ते लेखी ठरवा.

शेवटी

माउंट तोच, बॅटरी तीच, फ्लॅश चालतो की नाही ते तपासलेलं, आणि महिन्यातून एकदा हाताळलेली बॉडी. एवढं जमलं तर बॅकअप जुना असला तरी पुरतो. गावात फोटोग्राफरचं नाव तोंडोतोंडी चालतं. एका लग्नाचे फोटो आले नाहीत ही गोष्ट पंचक्रोशीत पोहोचायला दोन दिवस लागत नाहीत. आणि ज्या घरचं लग्न होतं, त्यांच्या भिंतीवरची ती फ्रेम कायमची रिकामी राहते.

तुमच्याकडे कोणता कॅमेरा आहे आणि बॅकअपला काय वापरता, हे कमेंटमध्ये नक्की सांगा. आणि एकाच कॅमेऱ्यावर लग्नाच्या ऑर्डर घेणारा एखादा मित्र असेल, तर पुढच्या लग्नतिथीआधी त्याला हा लेख पाठवा.